दोन सूत

पडद्यावर खोली तयार आहे.
भिंती काटकोनात, जमीन पाणसळीत,
खिडकीबाहेर कुठल्याच ऋतूचं नसलेलं ऊन.
फक्त छताखालची नक्षीची पट्टी
ईशान्येच्या कोपऱ्याशी येते आणि थांबते.
दुसऱ्या भिंतीवरून दुसरी येते, तीही थांबते.
मध्ये फट.
एका दारात समोरासमोर आलेल्या विहिणी,
आधी तू की आधी मी.

एकीला ओढलं, ती भिंतीच्या आरपार.
मागे घेतली, पुन्हा फट.
जवळ जाऊन पाहावं तर फटही वाढते,
एवढी, की आत मांजर बसेल.

हॅनकॉकमध्ये रात्रीचे अकरा.
कालव्यावरच्या पुलाकडे बर्फ ढकलणारी गाडी
पिवळा दिवा फिरवत निघालीय.
उद्या दहाला हे ट्रेझोनाबाईंना दाखवायचं.
मागच्या खुर्चीत बाबा,
दोन्ही हातांत कप, म्हणजे थरथर दिसत नाही.
एकेचाळीस वर्षं या गावाच्या छतांखाली
मान वर करून काढलेली;
आता टाळूपासून पाठीपर्यंत सगळं एकजात दुखतं.

मग सापडलं.
दोघींना जोडत बसायचंच नाही.
दोघींना पुसायचं,
आणि एकच रेघ, पहिल्या बिंदूपासून,
कोपऱ्याला टेकून, बोट न उचलता
पुढच्या भिंतीवर, तिथून पुढच्या.
नक्षी आपली आपण वळली.
ना फट, ना टोक.

झालं, मी म्हटलं.
बाबा चष्मा पुसत पुढे वाकले.
यात कापलं कोण गेलं?
कुणीच नाही. एकच आहे ना ती.
मग हा सांधा नव्हे, आउने.
हे नुसतं वळण.

आणि वेलदोड्याचा निसू कॉफीत बुडवत
सांगत बसले:
एक पट्टी सरळ जाते, भिंतीला भिडते,
कोपरा आला हे तिला कळतसुद्धा नाही.
दुसरीच्या तोंडावर पहिलीची नक्षी उतरवायची,
केसासारख्या करवतीनं, उलटी,
पाठीकडून जरा जास्तच कोरून.
मग ती येऊन पहिलीच्या अंगावर अशी टेकते
की भिंत एकोणनव्वद असो, एक्याण्णव असो,
पाहणाऱ्याला काटकोन.

आणि आपल्या घरात
तुम्ही कुठली होतात? मी हसत विचारलं.
निसूचा तुकडा तुटून कपात पडला.
तो चमच्यानं काढत म्हणाले,
सरळ जाणारी.

सकाळी शिडीवर मी.
ट्रेझोनाबाई खाली, कोटाची बटणं लावलेली,
हीटर बिघडल्याची माफी मागत.
जुनी पट्टी सुटली. तिच्यामागे, गिलाव्यावर,
पेन्सिलीत: ९१½. खाली एक व.
म्हणजे वेइक्को. म्हणजे बाबा.
पट्टीचं टोक मी फिरवून पाहिलं.
कोरलेलं नव्हतं.
दोन्ही टोकं घाईघाईत तिरकी कापलेली,
आणि मधल्या दोन सुतांत
भुशात कालवलेला सरस, वर रंग.
बोट लावलं तर गाठ तशीच निघून
माझ्या हातमोज्यात आली.
छान टिकलं होतं हो, बाई म्हणाल्या,
आमच्या तीन पिढ्या.

संध्याकाळी ती टेबलावर ठेवली.
बाबांनी उचलली नाही, फक्त वास घेतला.
घाई होती का?
नाही, ते म्हणाले. शुक्रवार होता.

मग दोघेही हसलो, थोडं जास्तच.
नंतर मी भिंतीचा कोन लिहिला, एक्याण्णव पूर्णांक एक द्वितीयांश.
यंत्रानं नम्रपणे विचारलं:
भिंत सरळ करू?
बाबांनी थरथरतं बोट पुढे केलं,
पहिल्यांदा चुकलं, दुसऱ्यांदा लागलं,
नको वर.