दातेरी

शब्बीरभाईच्या काचेखाली सात चाकू मिटून पडलेत.
दुपारचा दीड, मंगळवार पेठेत कुत्रंसुद्धा नाही,
पंखा गरम हवाच ढवळतोय.
'भाजीला?' तो विचारतो.
'नाही. दोरीला.'
मग माझ्याकडे नीट बघतो.

दोरी म्हणजे पिवळी, नायलॉनची.
टॉवेलच्या गठ्ठ्याला चार वेढे, वर गाठ,
अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये दिवसाला सत्तरेक गठ्ठे.
साधं पातं तिच्यावरून घसरतं,
साहेबावरून अर्ज घसरावा तसं.

तीन चाकू झाले आतापर्यंत.
पहिला कारखान्याचा, म्हणजे कुणाचाच नाही.
दुसरा सत्यम्माच्या भावानं हैदराबादहून आणलेला,
मुठीवर गरुड होता,
पात्यात जीव नव्हता.
तिसरा कापता कापता आपणहून मिटला.
हे बोट बघा.
शब्बीरभाई चष्मा कपाळावर सरकवून बघतो,
डॉक्टरसारखं 'हं' म्हणतो.

नव्वदचा उघडला. मान हलते त्याची.
दुसरा अर्धा साधा, अर्धा दातेरी.
'दोन्ही कामं होतील, बाई.'
मला दोन्ही कामं नकोत.
कांद्याला घरी विळी आहे,
ती कधी मिटत नाही
म्हणून तिची भीती वाटत नाही.

साडेचारशेवाला काळा, देखणा,
पट्ट्याला अडकवायची क्लिप.
माझ्याकडे पट्टा कुठला?
साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालते मी कामावर,
त्याच्या खिशात बसला पाहिजे,
वाकले तर पडायला नको.

मग हा. एकशे ऐंशी.
मुळापासून टोकापर्यंत दातच दात.
नख फिरवते त्यांवरून, कर्रकर्र,
आणि आई आठवते, इथे, हार्डवेअरच्या दुकानात.
मागच्या खोलीत बल्बखाली ती फणी भरायची,
दातादातातून एकेक तार ओढून घ्यायची,
एक चुकली की कापडभर रेघ,
आणि मालकाची बोलणी तेलुगूतून.
तिच्या फणीचे दात कापायचे नाहीत,
वाट द्यायचे.
हे तिला दाखवलं असतं तर म्हणाली असती,
पोरी, हे काय उलटंच.

'याला धार लावता येत नाही हं,'
शब्बीरभाई आधीच सांगून टाकतो,
'चौकातला चाकवाला हात लावणार नाही.'
'किती टिकेल?'
'दोरीच कापली तर दोन वर्षं.
पत्र्याचे डबे उघडले तर मला विचारायला यायचं नाही.'

उघडते. खटका बसतो.
पात्याची पाठ काउंटरवर टेकवून जोर देते, मिटत नाही.
पुन्हा देते. बोटाला अजून विश्वास नाही.
तो खालून दोरीचा तुकडा काढतो, तीच, पिवळी,
दोन टोकं दोघांनी धरायची,
मी पातं ओढते:
खर्र, आणि आम्ही दोघं थोडे मागे जातो.

गठ्ठ्यामागे अडीच रुपये मिळतात.
एकशे ऐंशी म्हणजे बहात्तर गठ्ठे,
सगळा आजचा दिवस.
'दीडशे,' मी म्हणते.
तो छताकडे बघतो, पंख्याला साक्ष ठेवल्यासारखा.
एकशे पासष्टला तुटतं.
सहा गठ्ठे वाचले.

खिशात टाकला, वरून हात दाबून बघितला.
पायरी उतरले, परत वळले,
'ते दोरीचे दोन्ही तुकडे द्या.'
'कशाला?'
न्हाणीच्या दाराची कडी तुटलीय
शिमग्यापासून.