वीज परत आल्यावर

चिटणीसांच्या गोठीत रविवारी
लाइट चार वेळा गेली
आणि चारही वेळा परत आली.
पंखा आपणहून फिरू लागला,
फ्रिजनं अंग झटकलं,
समोरच्या गुप्ताजींच्या देवघरातली माळ लुकलुकली.
चपलांच्या कपाटावरची काळी डबी तेवढी
गप्प.

डबीत प्रमिलेचा रियाज आहे, अठ्ठावन्न कॅसेटी.
केतकीनं दिवाळीत बसून उतरवला
आणि बेंगळुरूला जाताना म्हणाली,
बाबा, लाइट गेली की हे बटण दाबायचं, बस.

बस?
बत्तीस वर्षं रोशनीघरात काढली मी,
दौलतगंजचा फीडर माझ्या हाताखाली.
अर्धं लष्कर उजेडात आणलं तरी
चहा कुणी विचारला नाही,
पण कुणा घरी जाऊन बटण दाबावं लागलं नव्हतं.

मग एका कानाला फोन, चष्मा नाकावर,
मशीन उठता उठता एकच की दाबत राहायची;
निळा पडदा येतो.
त्यात पार खाली, माझ्याच खात्यातला प्रश्न:
वीज परत आल्यावर काय करायचं?
बंद राहायचं.
चालू व्हायचं.
जाताना जसं होतं तसं.

मी तिसरं निवडलं. कुणीही तेच निवडेल.
सोमवारी प्रमिलेनं झोपताना डबी स्वतःच बंद केली,
रात्री लाइट गेली, आली,
आणि सकाळी डबी इमानानं बंदच.
तिला तरी काय बोलणार.
दुसरं निवडलं.

तरी गाणं नाही.
पडद्यावर: शून्य गाणी.
माझ्या पोटात गोळा.
केतकी म्हणाली, गेलं नाही हो काही,
वाजवणारा आधी उठतो, डिस्क मागून जागी होते,
रिकामं कपाट बघून तो बिचारा बसून राहतो.
त्याला सांगा, तीस सेकंद थांब.
आतून प्रमिला, ऑपरेशननंतरच्या
त्या चाळणीतून गळणाऱ्या आवाजात:
तंबोरा जुळायच्या आधी
गायला बसतं का कुणी?

मेन स्विच खाली. दहा अंक. वर.
खाली. दहा अंक. वर.
पाचव्यांदा गुप्ताजी गच्चीवरून,
"भाईसाहब, आपकी ही जा रही है क्या?"

खरी गेली ती बुधवारी, आंधीत.
आली रात्री तीन वाजून दहा मिनिटांनी.
पंखा. फ्रिज. माळ.
मी अंथरुणात मोजत होतो. अठ्ठावीस, एकोणतीस.
आणि भर रात्री, पूर्ण आवाजात,
संध्याकाळचा पूरिया.

मार्च सत्त्याऐंशी. ही कॅसेट मला पाठ आहे.
अकराव्या मिनिटाला ती निषादावर उभी राहते,
सूर हळूहळू वर सरकतो,
चिमणीएवढा बारीक होतो, तुटतो.
मंदावत्या टेपवर नोंदलेला सूर
वाजवताना चढतो, हे मला कळतं.
हेही कळतं, की त्या दिवशी सात दहाला
दौलतगंजचा खटका मीच ओढला होता.
वरून हुकूम होता, खेड्यांत गव्हाला पाणी द्यायचं होतं.
लॉगशीटवर सही आहे माझी.
हे मी तिला कधी सांगितलं नाही;
तिनं कधी विचारलं नाही, म्हणजे तिला माहीत असणार.

आवाज कमी करायला उठलो,
तर अंधारातून,
"राहू द्या.
तो चढा निषाद माझा नव्हे हं,
तुमच्या एलिमिनेटरचा."

मग टेपवर खट्, खरखर,
मधला दीड तास नाहीच,
आणि एकदम तिचा तेव्हाचा आवाज, भरलेला:
केतके, लाल दिवा लागला का गं?
चार वर्षांची केतकी, माइकच्या फार जवळून:
लागला.

समोर गुप्ताजींनी खिडकी जोरात लावून घेतली.