कापूर

मे महिना. साखर पेठेत सकाळी नऊलाच
पत्रा तापून टणटण बोलायला लागतो.
कामगार सभागृहाच्या दारावर आमचा फलक:
बालविवेक शिबिर, वर्ष एकोणिसावे, फी दीडशे रुपये.
समोरच्या मंगल कार्यालयात संस्कार वर्ग. फी नाही.
शिवाय रोज शिरा.
आमच्याकडे खिचडी. तीही बुडाला लागलेली.

आमच्या वहीत मुलांची आडनावं लिहीत नाही,
जात कळू नये म्हणून.
ती पहिल्या ठेचेलाच कळते,
कोण अम्मा म्हणून ओरडतं, कोण अव्वा, कोण अम्मी, कोण आये.
वही मात्र कोरी राहते.

तिसऱ्या दिवशी चमत्कारांचा तास.
मी जिभेवर पेटता कापूर ठेवतो.
इतकी वर्षं ठेवतोय, जीभ सरावली आहे,
टाळ्या बरोबर त्याच जागी पडतात.
मग म्हणायचं: भूत नाही, भानामती नाही,
जे हलतं, त्याला काहीतरी हलवत असतं.

लावण्या म्हणाली, सर,
आमच्या घरी रात्री अम्माचं सूप हलतं.
अम्मा विड्या वळायची, विडी घरकुलात,
मागच्या पोळ्याला गेली.
मी म्हणालो, पंख्याचा वारा.
"पंखा नाही की ओ सर."
मग उंदीर.
ती गप्प झाली. उंदीर पटला असावा,
किंवा माझी दया आली असावी.
"मग अम्मा कुठंय?"
चाळीस पोरं माझ्या तोंडाकडे बघत होती.
तोंडात कापराची कडू चव.
मी म्हणालो, चला, रांगेत पाणी प्या.
पिंपात पाणी तळाला होतं. नळाला अजून दोन दिवस होते.

पुढच्या मे महिन्यात ती समोर गेली.
मला राग आला, खोटं कशाला बोलू.
आधी शिऱ्याचा आला, मग त्यांच्या कर्ण्याचा,
मग तिच्या बापाचा,
सगळ्यात शेवटी उंदराचा.

खिडकीतून दिसायचं:
हिरेमठबाई पायरीवर बसून तिचे केस विंचरतायत,
तेल लावून, दोन वेण्या, लाल रिबिनी.
एकोणीस वर्षांत कुणाचे केस विंचरायचं
आमच्या वेळापत्रकात आलंच नाही.
आणि हेही दिसायचं:
आमचा इरफान शिऱ्याच्या वासानं
त्यांच्या फाटकापर्यंत जातो
आणि तिथूनच, कुणी काही न बोलता, परत येतो.

एकदा गोळेवाल्याच्या गाडीपाशी भेटली.
"सर, तिथं सांगतेत अम्मा माझ्यातच हाय."
आणि सूप?
"हलतंय अजून. आता मी उठून बघत नाही."
गोळा चोखला, रंग पांढरा होईपर्यंत.
"बाईंना विचारलं मी, कापूर जळल्यावर राख का राहत नाही.
म्हणाल्या, देवाला पोचतो.
मी म्हणलं, आमचे सर तर खातेत."
बाई काय म्हणाल्या?
"हसल्या. म्हणाल्या, मग सरांनाच विचार."
मी हवेबद्दल, जळण्याबद्दल काहीतरी सांगितलं.
आमचे सर, म्हणाली होती. तेवढंच घरी घेऊन गेलो.

यंदा दारात उभी, हातात दोन अर्ज.
"सकाळी तिकडं, दुपारी इकडं. चालतंय का?"
नियम क्रमांक सात: पूर्ण वेळ हजेरी सक्तीची.
सातवा नियम माझाच, माझ्याच अक्षरात.
मी तो वाचला नाही.
तिनं पैसे मोजले, दहादहाच्या पंधरा नोटा.
नोटांना तंबाखूचा वास.
बोटं बघितली. नखांच्या कडा तपकिरी,
उजव्या अंगठ्याचं नख वाढवलेलं,
विडीचं टोक दुमडायला वाढवतात तसं.

विचारायला हवं होतं.
मागे रांग होती, ऊन होतं.
मी पावती फाडली
आणि म्हणालो, पुढचं नाव.