शिफ्ट

पीटरहेडच्या मासळी कारखान्यात
पहाटे चारला एल्स्पेथची शिफ्ट लागते.
बर्फ, पाण्याचा पाइप, निळे हातमोजे,
हॅडकच्या पाठीतून सुरी सरळ शेपटीपर्यंत.

दाइवा लिथुआनियाची, शेजारच्या पाटावर.
चहाच्या सुट्टीत वहीत शब्द उतरवते.
वास जाईना म्हणून तिनं लिंबू चोळलं, सोडा चोळला,
एल्स्पेथ म्हणाली, हा काही शिफ्ट व्हायचा नाही.
वहीत त्या शब्दापुढे जागा उरली नव्हती,
दाइवानं समासात लिहिलं.

एल्स्पेथचा रॉरी अ‍ॅबरडीनला शिफ्ट झाला.
दिवसभर शिफ्टवर करंगळी ठेवून
साहेबांची नावं मोठ्या अक्षरानं सुरू करतो.
आईला निरोप धाडताना तेवढी सवड नसते.
आपल्या अक्षरांत लहानमोठं नाही,
ते आपण माणसांत ठेवलं.

हे लिहिताना मी 'पाळी' लिहून पाहिलं.
पण पाळी महिन्याचीही असते,
आणि नको ते करायची पाळी कुणावरही येते.
एल्स्पेथची एक पाळी मार्चपासून बंद आहे,
दुसरी चालू.
शब्द अर्धा बसला, अर्धा बाहेर लटकत राहिला.
खोडला नाही. जरा सरकवला.

इस्पितळात रात्री आठला नर्सा बदलतात.
एक कोटाची बाही शोधत होती,
दुसरी केस वर बांधत होती,
मधल्या मध्ये एल्स्पेथचा बाप, आलिक, गेला.
वेळ कुणाच्या शिफ्टमध्ये धरायची
यावर दोघी क्षणभर घुटमळल्या.
मग आठ वाजून दोन मिनिटं, असं लिहिलं.

चाळीस वर्षं बोटीवर काढलेला माणूस.
वारा शिफ्ट झाला की झोपेतही कूस बदलायचा.
घरात हुकूम एकच, तोही कुत्रीला,
खिडकीजवळच्या खुर्चीवर ती पसरली की:
शिफ्ट!
ती उतरायची. तो बसायचा.

सोमवारी एल्स्पेथ कामावरून आली.
अंगाला मासळी, पायात ओले मोजे.
कुत्री खुर्चीवर, नाक दाराकडे.
एल्स्पेथनं तोंड उघडलं,
शब्द अगदी ओठांवर आला होता.

मग ती खाली बसली,
गालिच्यावर, खुर्चीला पाठ लावून,
आणि कुत्रीनं तिचे हात
बराच वेळ चाटले.