आलोच

कंपनी विकली गेली, लिफ्ट त्याच राहिल्या.
दारावरचे स्टिकर तेवढे बदलले,
आणि शनिवारी तीन ते पाच
आम्हा अकरा फिटरांच्या मागे स्पॅनिश लागलं.

वर्ग लोअर परळला, तळघरात,
भंगारात काढलेल्या मोटारींच्या शेजारी.
आर्मिंडा बाई वसईच्या, खडू डाव्या हातात.
म्हणाल्या, लांबचा भविष्यकाळ नंतर बघू,
तो पुढाऱ्यांना लागतो.
तुम्हाला जवळचा शिकवते.

फळ्यावर तीन तुकडे.
बोय. आ. आणि पुढे क्रियापद,
न वाकवलेलं, खोक्यातून काढलेल्या बोल्टसारखं.
बोय आ सुबीर, मी वर जाणार आहे.
बोय आ बाहार, मी खाली जाणार आहे.
बोय म्हणजे जातो.

मला हसू आलं.
वरळीच्या कोळीवाड्यात बोय हा मासा,
आई काटे काढून आमच्या ताटात टाकायची.
बाईंनी विचारलं, काय झालं?
म्हटलं, काही नाही, भूक.

पण घरी जाईपर्यंत घोळत राहिलं.
या लोकांचा उद्या पायांवर चालतो.
जेवायला जातो, झोपायला जातो,
पंखा पुसायला जातो, रडायला जातो.
जागचं हलल्याशिवाय
त्यांचं पुढचं काही घडतच नाही.

आणि आमचं?
ताडदेवला बावीस मजल्यांची इमारत, वीज गेलेली,
चौदा आणि पंधराच्या मध्ये फ्रेनीबाई,
हातात डझनभर अंडी.
मी तिसऱ्यावर, जिन्यात, पेटी खांद्यावर.
फटीला तोंड लावून ओरडलो, आलोच!
सातव्यावर धाप लागली, आलो, आलो!
अकराव्यावर गुडघा धरून, हा काय, आलोच!

चाळीस मिनिटांनी दार फाकवलं.
त्यांनी आधी अंडी माझ्या हातात दिली,
मग पदर सारखा केला, मग म्हणाल्या,
"तू तर मघाशीच आला होता ने, डिकरा?
मग एवढा वेळ होता कुठे?"

अंडी सगळी शाबूत होती.
मी तीच मोजत बसलो.

आम्ही धीर द्यायचा म्हणजे
काम सुरू व्हायच्या आधी झालं म्हणून सांगायचं.
निघालोच. पोचलोच. झालंच बघा.
भूतकाळ आगाऊ उचलायचा
पगारासारखा,
आणि महिनाभर फेडत बसायचं.
मालन त्याच भरवशावर तवा तापत ठेवते.
किती तवे जळाले, तिला विचारा.

परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करत होतो,
बोय आ सालीर, मी निघणार आहे,
बोय आ सालीर, मी निघणार आहे.
ती कोलंबी सोलत होती. म्हणाली,
दिवेलागणीला घरात बसून
निघतो निघतो काय लावलंय?
येतो म्हणावं माणसानं.

प्रश्न चौथा नेमका तोच आला.
मी निघणार आहे, स्पॅनिशमध्ये लिहा.
पेन उचललं, ठेवलं, परत उचललं.
बाजूचा तुकाराम माझ्याकडे बघत होता,
मी त्याच्या पेपरात बघतोय असं वाटून.
लिहिलं, बोय आ बोल्वेर.
परत यायला जातो.

बाईंनी अर्धा मार्क दिला.
म्हणाल्या, वाक्य बरोबर आहे रे, प्रश्न दुसरा होता.
म्हटलं, बाई, घरचं उत्तर हेच आहे.
त्यांनी चष्मा काढला, पुसला,
आणि अर्धा तो अर्धाच ठेवला.

हल्ली कोणी अडकलं की मी मजला सांगतो.
चौथ्यावर आहे. पाचव्यावर आहे.
सहाव्यावर पाणी प्यायला थांबलोय.
आतली माणसं गप्प होतात, बहुतेक मोजत असतात.
काल प्रभादेवीला आत एक शाळकरी पोरगी होती,
ती माझ्याबरोबर आकडे म्हणू लागली, आठ, नऊ,
दहाव्यावर तिचा आवाज एकदम बारीक झाला,
आणि तोंडून गेलंच माझ्या,
आलोच.