हरकती आणि सूचना

शाळेची किल्ली माझ्याकडे असते,
म्हणून सभेला सगळ्यात आधी मीच.
मुलं आता सहाच उरलीत, बाकं चाळीस.
त्यातली नऊ जोडून आम्ही बेट अंथरलं:
स्प्लिटहून नळीत गुंडाळून आलेला नकाशा,
चार कोपऱ्यांवर चार दगड.
दगडांची इथे कधी टंचाई नव्हती.

नियोजनवाली दुन्या तरुण होती,
बोट लागून तोंड अजून पिवळं.
म्हणाली, जे हरवू नये असं वाटतं
तिथे हिरवी टाचणी लावा.
जे बदलावंसं वाटतं, तिथे लाल.
कुणी उठेना.
आमच्याकडे बोट दाखवायची पद्धत नाही;
कुठेही दाखवा, ते कुणाच्या तरी जमिनीवरच पडतं.

शेवटी येर्को उठला. चष्मा पुसला.
दक्षिणेचा उतार नकाशावर पांढराफटक,
वर बारीक अक्षरं: पडीक.
"हे कुणी लिहिलं?"
टाचणी बाजूला ठेवून त्याने कानामागची पेन्सिल काढली
आणि एकेक गडगा काढत सुटला.
हा आज्याने रचला. हा आज्याच्या भावाने, रागात, म्हणून वाकडा.
हा पुरा झाला त्या वर्षी वेलींना कीड लागली
आणि अर्धा गाव चिलीला गेला.
चुना नाही, माती नाही,
नुसतं दगडाचं दगडाशी पटवून दिलेलं.
पेन्सिल झिजली. दुन्याने आपली दिली.

पेरिनाला विहीर दाखवायची होती,
पण पाण्याला टोचायचं नाही म्हणाली.
एप्रनच्या खिशातून मसुराचा दाणा काढला
आणि तिथे ठेवला. झालं.

मग निक्शा.
त्याने लाल टाचणी खाडीत अशी रोवली
की खालच्या बाकाला भोक पडलं.
बारा धक्के, शंभर नौका, वर्षभर दिवे.
"तुमच्या गडग्यांवर माझी बायको बाळंत होणार का?
दवाखाना तीन तास लांब. बूरा सुटला की बोट बंद.
आधी माणसं राखा, मग काय ती शोभा."
कुणीच काही बोललं नाही.
तो खोटं बोलत असता तर बरं झालं असतं.

नंतर मात्र सगळे एकदम बोलले.
कोण कुणाचा मेहुणा, कुणी कुणाची वाट अडवली,
सत्तर सालातली बकरीसुद्धा निघाली.
या गडबडीत लुक्रिसाची फ्रितुल्यांची परात कलंडली,
आणि तेल गेलं
नेमकं खाडीवर.
दुन्या म्हणाली, असू दे,
आणि तसाच गुंडाळून घेऊन गेली.

दोन महिन्यांनी कार्यालयाचं पत्र आलं, सोबत नकाशाची प्रत:
"दक्षिण खाडीतील पिवळसर क्षेत्राचा
वापर-प्रकार त्वरित कळवावा."
पुन्हा मी कुलूप काढलं, पुन्हा नऊ बाकं.
उत्तर निक्शानेच सांगितलं, मी लिहिलं:
तेल आहे. खाण्याचं.
त्याखाली भांडण चालू आहे.
मिटेपर्यंत तेवढी जागा तशीच ठेवावी.
सही सगळ्यांनी केली. येर्कोने दोनदा.

फेब्रुवारीत निक्शाची मुलगी जन्मली
बोटीवर,
धड इकडे नाही, धड तिकडे नाही,
खलाशाच्या कोटात गुंडाळून उतरवली.
नकाशावर त्या जागी नुसता निळा रंग. नाव नाही, खूण नाही.
पेरिना शाळेत आली, चष्म्याशिवाय,
बराच वेळ बोटाने पाणी चाचपत राहिली,
मग एक मसूर ठेवला.

पुढची सभा ईस्टरनंतर आहे.
तोवर नकाशा बाकांवरच पसरलेला.
दार उघडलं की वारा शिरतो, दाणा घरंगळतो,
कधी किनाऱ्याला लागतो, कधी जमिनीवर.
झाडू मारताना मी तो शोधतो
आणि परत समुद्रात ठेवतो.