अर्धीच होडी

मकरपुऱ्याच्या शेडमध्ये समुद्र येत नाही.
इथलं सगळ्यात जवळचं खारं पाणी
म्हणजे दुपारी दोनला कपाळावरून ओघळतं ते.
तरी आम्ही होड्या करतो,
वर्षाला चाळीस-बेचाळीस,
आणि त्या ट्रकवर पालथ्या निजून
हायवेने पाण्याकडे जातात.

साच्यात आधी रंग बसतो,
मग काचेची चटई, राळ, पुन्हा चटई.
आधी कातडी, मग हाडं.
माणसाचं याच्या उलट असतं, असं मला वाटायचं.
आता तितकी खात्री नाही.

कागदावर मी होडी अर्धीच काढते.
मधली रेघ, आणि तिच्या उजवीकडे
कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकात एक छेद.
बाबांनी शिकवलेलं, ड्रॉइंग-बोर्डावर वाकून,
ओठांत पेन्सिल धरून:
"डावी बाजू तशीच असते, शालन.
शाई कशाला घालवायची?"

धनजीभाई खारवा कागद बघत नाहीत.
तळहात फिरवतात तळावरून,
गाभण म्हशीच्या पोटावरून फिरवावा तसा.

सपाट बुडाची: "ही गरीब, बेन.
तळ्यात चहाचा कप ठेवा, सांडणार नाय.
पण लाटेत न्या,
एकेक लाट थोबाडीत मारून जाईल."

खाली धार असलेली: "पळते तोवर सुरी.
उभी राहिली की दारुडी."

सूरसागरवरच्या पायडलवालीला पोटं दोन:
"मांडी घालून बसते बघा.
पण एकदा उलटली ना,
तर उलटीच मांडी घालून बसेल,
सरळ व्हायचं नावच नाय."

आणि ही गोल पोटाची, आमची नवी.
डुलते. कितीही दामटा,
स्वतःच उठवलेल्या लाटेच्या पायथ्याशी येऊन थांबते,
तो चढ तिला चढवत नाही.
गिऱ्हाईक म्हणतं, स्पीड दाखवा.
मी विश्वामित्रीच्या पुलावरून पाहिलेली मगर सांगते:
एवढं धूड, आणि मागे एक सुरकुती नाही.
गिऱ्हाईक दुसऱ्या कारखान्यात जातं.

शनिवारी शेडमागच्या हौदात चाचणी.
वाळूची पोती एका कडेला सरकवायची,
किती कलते ते मोजायचं.
बाबा रिक्षाने आले, कुणी बोलावलं नसताना.
डावा हात मांडीवर ठेवलेला,
दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा.
म्हणाले, पोती काढा. मी बसतो.

मी नाही म्हणेपर्यंत
धनजीभाईंनी त्यांना उचलून आत ठेवलंही.

होडी डावीकडे गेली.
बाबा आणखी डावीकडे, आधार नसलेल्या अंगावर.
हौदाचं पाणी काठावरून माझ्या चपलांत आलं.
कललेल्या बाजूचं पोट
आणखी खाली उतरलं, आणखी,
आणि जिथे जास्त बुडालं
तिथूनच पाण्याने ते धरलं.

थांबली. सरळ नाही. थांबली.

"किती?" बाबांनी विचारलं,
त्या त्यांच्या अर्ध्या तोंडाने.
मी ओळंब्याची दोरी पट्टीवर शांत होऊ दिली.
"अकरा अंश."
"लिही."

लिहिलं.
मग पेन्सिल तशीच हातात राहिली,
आणि कागदाच्या कोऱ्या डाव्या बाजूवर,
काही गरज नसताना,
मी पहिला छेद काढायला घेतला.